हाफकिन, रॉस आणि बाटली क्रमांक ५३-एन

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत उतरले, तेव्हा सरकारने त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा दिला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस शोधायची होती.

शहरात ग्रंथिक सन्निपाताने पाय रोवले होते. २३ सप्टेंबरला मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच, असे निदान केले होते. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचेच विद्यार्थी. आज त्यांचा पुतळा धोबीतलावाला मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर आणि वखारींना खेटून दाटीच्या चाळी. आधी उंदीर पडू लागले, मग माणसे. पुढच्या काही महिन्यांत मुंबईकर लाखोंच्या संख्येने शहर सोडून कोकणात, देशावर, गुजरातेत पांगले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला.

हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अनेक गोऱ्या डॉक्टरांनी ती कधी विसरू दिली नाही. जन्म १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात. तिथल्या विद्यापीठात ते इल्या मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी. ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्या धामधुमीत ते जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटले. धर्म बदलला असता तर रशियात प्राध्यापकी मिळाली असती. ते त्यांनी केले नाही. जिनिव्हामार्गे १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. तिथे जागा रिकामी होती ती ग्रंथालयातल्या साहाय्यकाची, ती त्यांनी पत्करली. उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसून कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या बस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत हिंडून हजारो लोकांना ती लस त्यांनी टोचली. हिवतापाने त्यांना अंथरुणाला खिळवले, इंग्लंडला परतावे लागले आणि बरे वाटताच ते पुन्हा कलकत्त्यात हजर झाले.

मुंबईतली ती तीन महिन्यांची मेहनत कशी होती याची कल्पना एवढ्यावरून येईल की, एका मदतनिसाचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि दोघे काम सोडून गेले. प्लेगचा जंतू जंतुशास्त्रज्ञ येरसाँ यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखला होता. तो प्रयोगशाळेत वाढवता येत होता. पण लसीसाठी तो मुबलक प्रमाणात आणि इतर कशाची भेसळ न होता वाढवायला हवा होता. युरोपात जंतू गाईच्या मांसाच्या रशात वाढवत. इथे ती लस एकाही हिंदूने घेतली नसती. डुकराशी संबंध आला असता तर मुसलमानाने घेतली नसती. म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस आम्लात विरघळवून रसा केला. त्या रशावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब सोडले. जंतू तुपाच्या तळाशी चिकटून वाढत आणि त्यांचे बारीक धागे रशात खाली लोंबू लागत. चंबू अजिबात हलता कामा नये. धागे पुरेसे लांबले की चंबू हलवायचा, धागे तुटून तळाला बसायचे आणि तुपाखाली नवे पीक धरायचे. असे सहाएक आठवडे चाले. मग सगळे तासभर ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचे.

ज्या घरांत ही लस जाणार होती, तिथे काय शिजते आणि काय वर्ज्य आहे, याचा विचार चंबूत रसा ओतण्यापूर्वी झाला होता. त्या काळच्या सरकारी वैद्यकात असे फार क्वचित घडले. मला या सगळ्या हकिकतीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी या लसीचे १० सीसी स्वतःला टोचून घेतले. पुढे लोकांना जी मात्रा देत तिच्या तिप्पट-चौपट ही मात्रा होती. ताप चढला, वेदना झाल्या, पण ते उठून कामाला लागले. कॉलेजच्या प्राचार्यांसमोर हे झाले आणि त्यानंतर प्राचार्यांसह इतरांनीही लस घेतली. महिना संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली. एकच जेवण, एकच बराकी, एकच हवा, फरक फक्त लसीचा. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

तिकडे सरकारचा कारभार वेगळ्या वाटेने चालला होता. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना कोणाच्याही घरात शिरण्याची, माणसे उचलून नेण्याची मुभा मिळाली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे शिपाई माजघरात आणि देवघरात शिरले. बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामानाच्या होळ्या झाल्या. याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्यांनी झाला. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. इस्पितळात नेलेल्या माणसाची मोमियाई, म्हणजे अंगातले सत्त्व, काढतात, अशी आवई चाळीचाळींतून पसरली होती. लोक रोग्याला माळ्यावर लपवत, मेलेल्याला गुपचूप पुरत. ज्या सरकारने कधी औषध घेऊन दार वाजवले नव्हते, ते आता बंदुका घेऊन आले होते. मग अशा भुमका उठल्या यात नवल ते काय?

त्याच पुण्याजवळ, हडपसर भागातल्या माळावर, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होते. रोग्यांना उचलून आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते.

लस सक्तीने टोचायला हाफकिन यांचा ठाम विरोध होता. ते लोकांत जाऊन बसत, समजावत, आधी स्वतःला किंवा सोबतच्या डॉक्टरला टोचून दाखवत. त्यांच्या पाठीशी समाजातून सर्वांत भक्कमपणे उभा राहिला तो १९ वर्षांचा तरुण आगाखान. खोजा समाजाच्या या इमामाने आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. समाजातल्या हजारो माणसांनी त्याचे अनुकरण केले. माझगावचा आपला खुशरू लॉज हा बंगलाही त्याने प्रयोगशाळेसाठी दिला. १८९७ च्या वसंतात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये प्लेग पसरला, तेव्हा तिथे २,१९७ लोकांनी लस घेतली. त्यांतले ३६ मेले. लस न घेतलेले ६,०३३ होते आणि त्यांतले १,४८२ मेले. दर चार माणसांतला एक. पुढे बडोद्याजवळच्या उंढेरा गावात हाफकिन यांनी याहून काटेकोर पाहणी केली. घराघरांतल्या माणसांपैकी निम्म्यांना लस दिली आणि निम्म्यांना नाही, म्हणजे एकाच छपराखालची माणसे दोन्ही बाजूंना पडली. सरकारी प्लेग कमिशनने लसीच्या मात्रा प्रमाणबद्ध नाहीत यावर बोट ठेवले, पण तिच्यामुळे रोग आणि मृत्यू कमी होतात हे मान्य केले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. मुंबईचे गव्हर्नर पूर्वी तिथे राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी मुंबईत कॉलऱ्याने वारली आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम कायमचा मलबार पॉइंटला हलला. एका खोलीत सुरू झालेले काम आता दिवाणखान्यांत आणि नृत्यशाळेत पसरले. तिथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

पंजाबात साथ भडकली आणि तिथल्या सरकारने लाखो मात्रांची मागणी केली. इतकी लस जुन्या पद्धतीने वेळेत होणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी कृती बदलली. कार्बोलिक अ‍ॅसिड वगळले आणि निर्जंतुक करण्यासाठी उष्णतेवर भरवसा ठेवला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत मान्य होती. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या खेड्यात १०७ लोकांना पाच बाटल्यांतून लस टोचली. आठवडाभराने काहींची दातखिळी बसली. धनुर्वात. एकामागून एक १९ माणसे मेली. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन.

या १९ जणांविषयी लिहिताना हात जड होतो. ते रोगाला भिऊन नव्हे, लसीवर विश्वास ठेवून रांगेत उभे राहिले होते. त्यांच्या मृत्यूचे कारण शोधणे हे सरकारचे कर्तव्यच होते. दुःख याचे की, शोध घेण्याऐवजी लवकरात लवकर एक दोषी मिळवण्याची घाई झाली.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली दोन डॉक्टरांसह चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचा निष्कर्ष असा की, बाटली उघडण्यापूर्वीच धनुर्वाताचे जंतू तिच्यात होते. म्हणजे दोष परळच्या प्रयोगशाळेचा आणि म्हणून हाफकिन यांचा. कार्बोलिक वगळल्याचा मुद्दा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. रशियन, ज्यू, वैद्यकाची पदवी नसलेला, सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर आलेला माणूस. त्याच्या बाजूने बोलायला सरकारात कोणी नव्हते. संचालकपद गेले. १९०४ मध्ये ते लंडनला निघून गेले. आयोगासमोरचे कागद सरकारने प्रसिद्ध केले ते डिसेंबर १९०६ मध्ये. तोवर आपल्याविरुद्धचा पुरावा नेमका काय आहे, हे जगाला दाखवण्याची सोयही त्यांच्यापाशी नव्हती.

कागद बाहेर आले आणि ते वाचणाऱ्यांत एक लेखक होता. त्यांना लेखकच म्हणतो, कारण ते स्वतःला आधी तसेच समजत. रोनाल्ड रॉस यांचा जन्म १८५७ चा, अल्मोड्याचा. वडील लष्करात. मुलाला कवी, चित्रकार किंवा संगीतकार व्हायचे होते, वडिलांनी त्याला वैद्यकात घातले. १८८१ मध्ये रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले आणि नोकरीच्या रिकाम्या दुपारी कविता, नाटके, गणित यांत घालवू लागले. १८८९ मध्ये त्यांची ‘द चाइल्ड ऑफ ओशन’ ही कादंबरी निघाली. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डासाच्या जठरात त्यांना हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या, तेव्हाही त्यांनी तो आनंद कवितेत उतरवला. मुंबईत प्लेगची लस पहिल्यांदा टोचली गेली तेच ते वर्ष. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात सरकारने त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला केली. तिथे हिवताप जवळजवळ नव्हताच! शोधाच्या तोंडावर आलेला हा माणूस महिनोन्महिने हात चोळत बसला. पुढे कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी काम तडीस नेले आणि १९०२ चे नोबेल मिळवले. हाफकिन यांच्यासाठी त्यांनी पुढे जे केले त्यामागे खेरवाड्याची ती आठवण असावी, असे मला वाटते. सरकारी यंत्रणा जाणत्या माणसाचे किती सहज नुकसान करते हे ते स्वतः भोगून बसले होते.

१९०७ मध्ये रॉस लिव्हरपूलला प्राध्यापक होते. त्यांच्याआधी डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी हाफकिन यांची बाजू मांडायला सुरुवात केली होती. सिम्प्सन कलकत्त्याचे माजी आरोग्य अधिकारी, कॉलऱ्याच्या दिवसांपासून हाफकिन यांचे काम पाहिलेले. फ्रान्समध्ये ज्यू कॅप्टन ड्रायफसवर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना होऊ लागली. मार्चमध्ये रॉस यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिला आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एकामागून एक पत्रे. त्यांची लेखनशैली इथे कामी आली. आयोगाच्या कागदांतलेच पुरावे त्यांनी सामान्य वाचकाला कळतील अशा क्रमाने मांडले.

पहिला पुरावा असा. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेता, जंतुनाशकात नुसता खळबळवून, त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले गेले. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात राहतो, हे त्या काळी पक्के माहीत होते. दुसरा पुरावा वासाचा. बाटली तयार होऊन सुमारे सहा आठवडे लोटले होते. इतका काळ तिच्यात धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर उघडताच घाण वास सुटला असता. लस टोचणाऱ्या डॉक्टरने असा वास आला नाही असे सांगितले होते. तिसरा पुरावा काळाचा. सहा आठवड्यांची वाढ म्हणजे बाटलीभर तयार विष. ते टोचल्यावर लक्षणे फार लवकर दिसली असती. मुल्कोवालला ती आठवडाभराने दिसली. म्हणजे माणसाच्या अंगात गेले ते थोडे ताजे जंतू आणि विष तयार झाले ते अंगात गेल्यावर. शिवाय परळची इतर लस हजारोंच्या अंगात गेली होती आणि तिने कोणाला धनुर्वात झाला नव्हता.

रॉस यांचे म्हणणे एवढेच नव्हते. निर्दोष माणसावर ठपका ठेवून लसीवरचा लोकांचा विश्वास मारला, तर त्याची किंमत प्लेगने मरणाऱ्या माणसांना मोजावी लागेल, हे त्यांनी रोखठोक बजावले. त्या वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने दर वर्षी लाखो लोक मरत होते. २९ जुलै १९०७ ला ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. त्यात रॉस होते, सिम्प्सन होते, अमेरिकेच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे सायमन फ्लेक्सनर होते. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिन यांना नोकरीत परत घेण्याची तयारी दाखवली.

परत घेतले, पण परळ दिले नाही. त्यांना कलकत्त्याला नेमले. तिथे लस बनवायची सोय नव्हती, माणसांवर चाचण्या करायची मुभा नव्हती. लेखी माफी नाही, बढती नाही. ते लंडनमध्ये होते त्या काळात, प्लेग उंदरांच्या पिसवांतून माणसात येतो याचा भक्कम पुरावा त्यांच्याच परळच्या इमारतीत डॉ. लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केला होता. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी हे १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते, पण तेव्हा कोणी मानले नव्हते. त्या कामात हाफकिन असायला हवे होते. माणूस हयात असतो, हुशारी शाबूत असते आणि कामाची वर्षे मात्र निघून जातात, ही हानी कोणत्या अहवालात मोजली जात नाही.

वयाची पंचावन्नी गाठताच ते निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले. उतारवयात धर्माचे आचरण कडक झाले. १९१६ मध्ये ज्यू परंपरेची बाजू मांडणारा एक दीर्घ निबंध त्यांनी लिहिला. लग्न केले नव्हते. साठलेली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचे निधन झाले. रॉस दोन वर्षांनी गेले.

परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव दिले गेले, तेव्हाचे संचालक कर्नल मॅकी यांच्या पुढाकाराने. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून जास्त मात्रा बाहेर पडल्या होत्या. मॅकींना लिहिलेल्या पत्रात हाफकिन यांनी आभार मानले. आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे मुंबईतल्या कामात गेली, अशा अर्थाचे त्यांनी त्यात लिहिले. मुल्कोवालबद्दल तक्रारीचा सूर त्यांनी लावला नाही.